बिनसाखरेचा पाहुणा

मुलगी : बेसिनमधले हे सगळे कप आजचेच?

बाबा : धुणार होतो मी. तेवढ्यात तू टपकलीस.

मुलगी : कोणी धुवायचे ते विचारत नाहीये. आजचे का, ते सांगा.

बाबा : सकाळपासूनचे. तुझी आई करते, मी पितो. त्यात नवीन काय?

मुलगी : नवीन म्हणजे तुमचा रिपोर्ट आलाय. डॉक्टरीणबाईंनी शेवटी मला फोन केला, तुम्ही उचलत नाही म्हणून.

बाबा : तेलाचे हात होते. हे शिलाई मशीन बघ की, आठवडाभर सुई मोडतंय. फोनला तेल लागलं असतं.

मुलगी : आठवडाभर तेलाचे हात! बाबा, मी काय शाळेतली आहे का अजून, असल्या थापा ऐकायला?

बाबा : बरं, बस. काय म्हणाल्या त्या?

मुलगी : मधुमेह झालेला नाही म्हणाल्या. पण दारात येऊन उभा आहे. आत्ता सावरलात तर मागे फिरवता येईल. गोळीसुद्धा नको इतक्यात. रोज भरभर चालायचं, भात कमी करायचा, ताटात भाजी जास्त घ्यायची आणि गोड बंद.

बाबा : मग चांगलीच बातमी की. मला वाटलं, इंजेक्शनं टोचणार.

मुलगी : ऐकलंत तर चांगली. भाताचं मी बघते, भाज्या आणून चिरून फ्रीजमध्ये ठेवते. चालायला शेजारच्या सरांबरोबर जा. पण हे कप, बाबा? एवढी साखर पोटात गेल्यावर चालून काय होणार?

बाबा : साखर चहात असते, कपात नाही. कप बिचारे काय करणार.

मुलगी : विनोद नका करू. थोरल्या काकांचं आठवतंय ना?

बाबा : भाऊ होता माझा. मला नाही आठवणार तर कोणाला?

मुलगी : काकांच्या दारात आला होता तेव्हा त्यांना कोणी सांगितलंच नाही. कळलं तेव्हा डोळे गेले होते. तुम्हाला आधी सांगताहेत. तुमचे डोळे गेले तर आईकडे कोण बघणार?

बाबा : हळू बोल. आत कपड्यांच्या घड्या घालतेय ती.

मुलगी : सकाळी घातलेल्याच ना?

बाबा : मी परत मोडून ठेवतो. हाताला काम असलं की बरी असते.

मुलगी : साखरेच्या डब्यात ती साखरेऐवजीची गोड पावडर भरायची, असं ठरलं होतं आपलं. मी आणून दिली होती.

बाबा : भरली. तिने चिमटीत घेतली, बोटांवर चोळली आणि म्हणाली, ही कसली भुकटी, साखर संपलीय. वाटी घेऊन अनवाणी निघाली साखर मागायला. शेजारी गेली असती तर ठीक होतं. पार चौकात सापडली.

मुलगी : हे मला सांगितलं नाहीत तुम्ही.

बाबा : सांगून काय, तू कामावरची उठून आली असतीस.

मुलगी : बरं. तिची पाठ वळली की बेसिनमध्ये ओतायचा.

बाबा : पाठ वळवायला हवी ना! कप परत घेतल्याशिवाय हलत नाही ती. कॅन्टीनची सवय. कारखान्यात कप हरवले की तिला बोलणी बसायची. अर्धा ठेवला तर बिघडला म्हणते आणि नवीन आधण ठेवते. म्हणजे अर्ध्याचा दीड होतो.

मुलगी : मग स्पष्ट सांगा. साखर नको म्हणा. एवढं काय अवघड आहे?

बाबा : म्हणालो होतो एकदा.

मुलगी : मग?

बाबा : मग काही नाही. परत म्हणालो नाही.

मुलगी : झालं काय पण?

बाबा : बाळा, तुझ्या आईच्या हाताखालून अख्खा कारखाना चहा प्यायला. नाव एकाचंही ठाऊक नव्हतं तिला. चेहऱ्यांकडे बघायला फुरसत कुठे होती? ती माणसं चहावरून ओळखायची. ‘कडक बिनदुधाचा आज आला नाही,’ म्हणाली की समजायचं, हिशेबनीस आजारी. ‘दुधाळ फिका आज चिडलाय,’ म्हणजे मुकादम. आता चेहरे गेले तिचे, नावं गेली, पण चहा राहिलेत. तुला ओळखते ती कशावरून, असं वाटतं तुला?

मुलगी : मी तिची मुलगी आहे म्हणून.

बाबा : आलं घालून, दूध कमी. म्हणून.

मुलगी : काहीतरीच तुमचं.

बाबा : असेल. आली बघ ती. आता विषय काढू नकोस.

आई : चहा! बाजूला व्हा, गरम आहे. हा आल्याचा, दूध कमी. अगंबाई, माझी लेक! कधी आलीस? किती वाळलीस गं!

मुलगी : आत्ताच आले, आई.

आई : आणि हा ह्यांचा. अहो, ते मशीन ठेवा बाजूला. तेलाच्या हातांनी कप धरलात तर मी धुणार नाही.

बाबा : ठेवलं. पुसले हात.

मुलगी : बाबा.

बाबा : नको गं.

मुलगी : तुम्ही सांगता की मी सांगू?

आई : काय सांगायचंय? दोघं मिळून माझ्यापासून काय लपवताय?

बाबा : काही नाही गं. मला... आज बिनसाखरेचा देशील का?

आई : बिनसाखरेचा?

बाबा : हो. तब्येतीसाठी. आजपासून साखर नको मला.

आई : पण हा मी आमच्या ह्यांच्यासाठी केलाय.

बाबा : मीच की तो.

आई : तुम्ही कोण?

मुलगी : आई, असं काय करतेस? बाबा आहेत.

आई : हे कुठे गेले? आत्ता इथे बसले होते. ही त्यांची खुर्ची आहे. तुम्ही उठा. उठा म्हणते ना!

बाबा : उठतो, उठतो. तू कप आधी खाली ठेव, भाजेल तुला.

आई : अगंतुगं करू नका मला! पोरी, ह्यांना हाक मार. परका माणूस घरात घुसलाय.

मुलगी : आई, इकडे बघ. तोंडाकडे बघ त्यांच्या. बाबाच आहेत.

आई : तुझे बाबा असतील, बाई. माझे हे नव्हेत. लग्नाच्या आधीपासून मी त्यांचा चहा करतेय आणि मला शिकवता? ते बिनसाखरेचा घेत नाहीत!

मुलगी : बाबा, प्या तो. पिऊन टाका. मी हरले. साखर घालून प्या, पण हिला असं नका ठेवू.

बाबा : थांब.

मुलगी : काय थांब? किती घाबरलीय ती!

बाबा : थांब म्हटलं ना! ... अहो बाई, ऐकता का? घाबरू नका. मी दुरुस्तीवाला.

आई : कोण?

बाबा : शिलाई मशीन दुरुस्त करतो. हे बिघडलंय म्हणून आलो होतो. खुर्ची रिकामी दिसली, बसलो. चुकलंच माझं. हा बघा, स्टुलावर बसतो.

आई : मग आधी सांगायचं ना. जीव घशाशी आला माझा.

बाबा : माफ करा.

आई : पण आमचे हेही मशीनवालेच आहेत. त्यांनी कसं नाही केलं?

बाबा : कामात असतील.

आई : कामात ते कायमच असतात. घरचं मशीन मात्र तसंच पडून. बसा. दाराशी आलेल्याला मी चहाशिवाय सोडत नाही. तुम्ही कसा घेता?

बाबा : बिनसाखरेचा.

आई : वाटलंच मला. चेहराच बिनसाखरेचा आहे तुमचा.

बाबा : असेल, बाई. तसाच द्या.

आई : पोरी, ह्यांचा हा कप झाकून ठेव. आले की गरम करून देईन. मी ह्या पाहुण्यांचं बघते.

मुलगी : बाबा, हे काय केलंत तुम्ही?

बाबा : गॅस पेटला का, तेवढं बघ. वाकून बघ, आत जाऊ नकोस. ती बावचळते.

मुलगी : पेटला. तुम्ही मागे म्हणाला होतात, तेव्हाही असंच झालं का?

बाबा : अगदी असंच. तेव्हा मी घाबरलो. होता तो गोड चहा उभ्या उभ्या ढोसला आणि म्हटलं, हा काय मी. लगेच ‘अहो, कुठे गेला होतात’ म्हणून रागावली. तो राग इतका गोड वाटला मला, की मग पीतच राहिलो.

मुलगी : मग आजही तसंच करायचं ना! मला काय माहीत होतं असं होईल. मी उगाच तुमच्या मागे लागले.

बाबा : तू बरोबरच बोललीस. माझा भाऊ शेवटी शेवटी वहिनीला हाका मारायचा. ती समोरच बसलेली असायची. इथे मला दिसेना आणि हिला मी ओळखू येईना, असं झालं तर ते आधण उतू जाताना कोण उठणार? दोघांतल्या एकाला तरी दुसरा कोण आहे, ते ठाऊक असायला हवं.

मुलगी : पण तिला तुम्ही...

बाबा : मला ती ओळखीची आहे ना. तेवढ्यावर चालवू.

मुलगी : रोज नको, पण रविवारी एक कप साखरेचा? एका कपाने काही होत नाही. मी विचारते डॉक्टरीणबाईंना.

बाबा : एका दिवसासाठी नवरा म्हणून यायचं आणि परत जायचं? दर सोमवारी तिच्या घरात परका माणूस घुसणार. पाहुणा एकदाच नवा असतो, बाळा. मग सवयीचा होतो. रडू नकोस. आली ती.

आई : घ्या. बिनसाखरेचा. तोंड कडू झालं तर मला बोलायचं नाही.

बाबा : चांगला झालाय.

आई : खोटं बोलता. सवय नाही तुम्हाला. पहिल्या घोटाला डोळा बारीक झाला, दिसला मला. ह्यांचाही असाच व्हायचा.

मुलगी : बाबांचा? त्यांना तर गोड लागतो ना, आई?

आई : गोड कसला! अजिबात आवडायचं नाही त्यांना. तुला म्हणून सांगते, आणि हे पाहुणे काही कोणाला सांगणार नाहीत. कारखान्यात मशीन दुरुस्त करायला यायचे. चहाला आले की म्हणायचे, अजून एक चमचा. घातला की, अजून एक. मला वाटायचं, काय मुंगीच्या जातीचं माणूस आहे! मग एकदा बघितलं. पहिला घोट घेतला आणि एरंडेल प्यायल्यासारखं तोंड.

बाबा : मग साखर मागायचेच कशाला?

आई : एवढी साखर ढवळून विरघळवायला वेळ लागतो की नाही? मी ढवळायची आणि ते समोर उभे राहायचे. तेवढाच वेळ मिळायचा त्यांना. बाकीचे कप घेऊन निघून जायचे.

मुलगी : तू त्यांना बोलली नाहीस कधी?

आई : बोलले असते तर साखर सोडली असती ना त्यांनी. मग मी काय ढवळलं असतं?

बाबा : त्यांना वाटत असेल, तुम्हाला कळलंच नाही.

आई : वाटू दे. लग्न झाल्यावर वाटलं, आता तरी सांगतील की नको साखर. नाही सांगितलं. मीही हळूहळूच ढवळत राहिले. अहो, चहा निवला की तुमचा. कुठे बघताय?

बाबा : कुठे नाही. मशीनचा पट्टा सैल झालाय वाटतं.

आई : हे अजून आले नाहीत. ऊन उतरलं. जरा खाली जाऊन बघून येते.

मुलगी : आई, एकटी नको.

बाबा : मी येतो बरोबर. चालेल का?

आई : तुम्हाला वेळ आहे? तुमचं मशीन?

बाबा : मशीन कुठे पळून जातंय. शिवाय मला चालायलाच सांगितलंय डॉक्टरीणबाईंनी.

आई : मग चला. पण तुम्ही पुढे चला, मी मागून येते. लोक काय म्हणतील?

(काही महिन्यांनंतर. तीच बाहेरची खोली, संध्याकाळ.)

मुलगी : बाबा, साखरेचा आकडा खाली आलाय! मधुमेह दारातून मागे फिरला म्हणाल्या डॉक्टरीणबाई. वजनही उतरलंय. विचारत होत्या, या वयात कसं जमवलं तुम्ही?

बाबा : तू काय सांगितलंस?

मुलगी : भाजी खातात, रोज चालतात आणि साखर सोडली, असं सांगितलं.

बाबा : बरोबर सांगितलंस.

मुलगी : आनंद नाही झाला तुम्हाला?

बाबा : झाला की. डोळे राहिले. चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवतो अजून.

मुलगी : ही गादी इथे का, मशीनखाली?

बाबा : रात्रीची असते. सकाळी उचलायची राहिली.

मुलगी : तुम्ही बाहेर झोपता?

बाबा : पाहुणा माणूस आत कसा झोपणार? पहिल्यांदा तिने मला घरी जायला सांगितलं. म्हटलं, बस चुकली. तेव्हापासून रोज चुकते. उशी मात्र न मागता देते, आणि ह्यांची म्हणून जपून वापरा, असं बजावते.

मुलगी : तुम्हाला सहन कसं होतं हो?

बाबा : तिच्या ‘ह्यांच्या’बद्दल फार चांगलं बोलते. मला तोंडावर कधी बोलली नाही इतकं. कधी कधी मत्सर वाटतो त्या माणसाचा.

मुलगी : बाबा...

बाबा : तू भाजी चिरून ठेव. आमची वेळ झाली.

आई : मशीनवाले, निघायचं ना? अगंबाई, तू आलीस? तुझा आलं घातलेला चहा परत आल्यावर करते. आम्ही ह्यांना बघून येतो.

मुलगी : जाऊन या, आई. सावकाश.

बाबा : पायरी जपून. कठडा धरा.

आई : धरलाय. तुम्ही स्वतःला सांभाळा. काल तिकडच्या रस्त्याने गेलो, तिथे नव्हते. आज बागेकडून जाऊ.

बाबा : चला बागेकडून.

आई : सापडत कसे नाहीत हो? एवढा शहाणा माणूस, आणि घर विसरला असेल का?

बाबा : घर विसरणारे नाहीत ते.

आई : तुम्ही भेटलाय का त्यांना?

बाबा : ओळखतो. पूर्वी बरेचदा भेट व्हायची.

आई : मग भेटले तर सांगा, मी रागावलेले नाही.

बाबा : सांगतो.

आई : विसरू नका.

बाबा : नाही विसरणार. रस्ता ओलांडायचाय, हात देता का?

आई : परक्याचा हात? बरं द्या, गाड्या आहेत म्हणून. पलीकडे गेलं की सोडायचा.

बाबा : सोडतो.

आई : तुम्ही भले आहात हो. रोज स्वतःची कामं टाकून माझ्याबरोबर फिरता. घरी कोणी आहे की नाही तुमच्या?

बाबा : बायको आहे.

आई : मग काय! आणि तिला एकटीला सोडून इथे भटकताय? पाय उचला जरा. ती वाट बघत असेल तुमची.